बत्ताशाला कोणी शिकवलं?

उत्तराने कुत्रं पाळलं ते हौस म्हणून नव्हे. ताडकळसच्या शाळेत ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. शाळेच्या भिंतीमागं एका कुत्रीने पिल्लं घातली आणि पंधरा दिवसांत कुत्री मोटारसायकलखाली गेली. पिल्लांतलं एकच जगलं. पांढरं, गोल, टणक. वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव बत्ताशा ठेवलं, आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यावर त्याला बघणारं कोणी उरलं नाही, म्हणून उत्तरा त्याला पिशवीत घालून घरी घेऊन आली.

घरी सासरे होते. काशीनाथराव, गावाचे नाना. चाळीस वर्षं आसपासच्या गावांत सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं लावत आलेला माणूस. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. नानांनी पिशवीतून बाहेर आलेलं तोंड पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "देवघर आहे या घरात. ते ओसरीच्या आत आलं तर मी जेवणार नाही."

बत्ताशा ओसरीच्या बाहेर वाढला, पण बेशिस्त वाढला. दहा महिन्यांचा झाला तेव्हा समोर पिठाची गिरणी चालवणाऱ्या सटवाजीचं धोतर त्याने टराटरा फाडलं. मोटारसायकल दिसली की मागं लागायचा. नवरा नचिकेत परभणीला विम्याच्या ऑफिसात जायचा. तो म्हणाला, "सोडून ये त्याला कुठंतरी लांब. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिना."

उत्तराने सोडलं नाही. ती त्याला घेऊन पूर्ण्याला गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर अर्पिता तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. "मॅडम, कुत्रं बिघडलेलं नाही. त्याला काय करायचं तेच कोणी सांगितलं नाही. तुम्ही वर्गात रोज नवा नियम काढला तर पोरं ऐकतील का?"

उत्तराला ते पटलं. घरी येऊन तिने ड्रॉइंगच्या कागदावर फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं आणि कागद स्वयंपाकघरात चिकटवला. एका शब्दाचा एकच अर्थ. शब्द एकदाच म्हणायचा. ऐकलं की लगेच खाऊ द्यायचा, उशिरा नाही. मारायचं नाही. आज नाही म्हटलं ते उद्याही नाही. खाली चार शब्द : बस, थांब, ये, सोड.

नचिकेतला ते जमेना. "बस ना रे, बस की, अरे बसतोस का नाही?" असं तो म्हणायचा आणि बत्ताशा त्याच्याकडे शेपूट हलवत बघत राहायचा. उत्तरा चिडायची. "तुम्ही त्याला तीन वाक्यं सांगितली. त्याला एकच शब्द येतो." नाना आत जपमाळ ओढत हे ऐकायचे. "बायकोनं नवऱ्याला बरं शिकवायला घेतलंय," असं एकदा म्हणाले. कागदाकडे मात्र त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

भाजलेल्या भाकरीचे बारीक तुकडे खिशात ठेवून उत्तरा रोज सकाळी अर्धा तास आणि शाळेतून आल्यावर अर्धा तास बत्ताशाला घेऊन अंगणात उभी राहायची. तीन महिन्यांत तो सुधारला. फाटक उघडं असलं तरी 'थांब' म्हटलं की आतच थांबायचा. मोटारसायकल गेली की तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि ती तुकडा द्यायची. सटवाजी गिरणीच्या दारातून म्हणाला, "मॅडम, तुमचं कुत्रं लय सुधारलं बगा. आमच्या घरच्यास्नी पन तुमच्याकडं धाडू का?"

मग जानेवारीत काहीतरी बदललं.

संध्याकाळी दोरी धरून चालताना बत्ताशा गटारावरच्या फरशीपाशी अचानक आडवा झाला. तिच्या पायाला अंग टेकवून, वाट अडवून उभा. उत्तराने दोरी ओढली. तो हलला नाही. काही वेळाने तिने पाय पुढं टाकला तसा तो सरळ झाला आणि चालू लागला. पुढं ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशी पुन्हा तेच. असं तिने त्याला कधीच शिकवलं नव्हतं.

तिला वाटलं, पायाला काही लागलं असेल. तिने पंजे तपासले. पंजे ठीक होते. पण तोंडाला सुक्या खोबऱ्याचा वास येत होता, आणि उत्तरा त्याला खोबरं कधीच देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने खोबऱ्याचा डबा उघडून पाहिला. अर्धी वाटी गेली होती. दोरी ओसरीतल्या खुंटीवर होती, पण उलटी गुंडाळलेली होती. ती नेहमी डावीकडून उजवीकडे गुंडाळायची.

"नाना, दुपारी कोणी येतं का घरी?" तिने जेवताना विचारलं.

"कोण येणार? मालनबाई येते, भांडी घासते, जाते. मी पडलेला असतो." नानांनी ताटाभोवती बोट फिरवून भाजी शोधली आणि कालवायला घेतली. ते हल्ली जेवताना फार बोलत नसत. पेपरही घडी न मोडता तसाच पडून असायचा. त्यात वाचण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत भरदुपारी दोन घरं फुटली. दोन्ही घरची माणसं कामावर गेलेली. एका घरी कुत्रं होतं आणि ते एकदाही भुंकलं नाही. शाळेत मधल्या सुट्टीत त्याच्यावरच बोलणं चाललं होतं. एक बाई म्हणाल्या, "आधी कुत्र्याला लळा लावतेत म्हणे. महिना महिना खाऊ घालतेत. मग काय, भुंकंल कशाला ते?"

उत्तराने जेवणाचा डबा बंद केला. दहा ते पाच ती शाळेत. नचिकेत परभणीला. घरात म्हातारा माणूस, तोही दुपारी झोपलेला. आणि कोणीतरी आपल्या कुत्र्याला खोबरं घालून नवं काहीतरी शिकवत आहे.

नचिकेतने हसण्यावारी नेलं. "तू उगंच शक घ्यायलीस. कुत्रं फरशीपाशी थांबलं म्हणून चोर येत असतेत का?"

"ते आपोआप थांबत नाही. कोणीतरी थांबायला शिकवलंय. शिकवणं मला ओळखू येतं."

रविवारी ती दळण घेऊन गिरणीत गेली. बत्ताशा सोबत होता. सटवाजी पोत्यावर बसला होता, दुपारचं ऊन, गिऱ्हाईक नाही. त्याने मोठी जांभई दिली आणि लोक जांभईला वाजवतात तशी तोंडापुढं चुटकी वाजवली. एकच.

बत्ताशा जागच्या जागी थिजला. चारही पाय रोवून, उत्तराच्या डाव्या पायाला चिकटून. नजर समोर.

"बत्ताशा, ये," ती म्हणाली. तो आला नाही. तिचा शब्द त्याने मोडला, असं तीन महिन्यांत पहिल्यांदा झालं.

सटवाजीला दुसरी जांभई आली. या वेळी त्याने दोनदा चुटकी वाजवली. बत्ताशा शांतपणे पुढं चालू लागला.

उत्तराने दळणाचा डबा तिथंच ठेवला. "सटवाजी, तुम्ही आमच्या कुत्र्याला काय शिकवलंय?"

"म्या?" सटवाजीने तोंड पुसलं. "माजं धोतर फाडल्यापासून म्या त्याच्या वाऱ्याला उभा ऱ्हात न्हाई, मॅडम. काय झालं?"

त्याचं तोंड भाबडं दिसत होतं, पण तिला त्या दिवशी कोणाच्याच तोंडावर विश्वास ठेवावासा वाटत नव्हता. घरी आल्यावर परसात तिने स्वतः चुटकी वाजवून पाहिली. एक चुटकी, बत्ताशा थांबला. दोन चुटक्या, चालला. पुन्हा एक, पुन्हा थांबला आणि तोंड वर करून खाऊची वाट बघू लागला. काम पक्कं होतं. घाईत केलेलं नव्हतं. कोणीतरी रोज, न चुकता, एकाच पद्धतीने हे करून घेतलं होतं, आणि तोंडातून शब्द न काढता. आवाज ओळखू येऊ नये म्हणूनच, असं तिला वाटलं. 

मग संशयातून सटवाजी सुटला आणि मालनबाई सापडली. मागच्या दाराची कडी मालनबाईच उघडते. खोबऱ्याचा डबा तिच्या हाताखाली. हल्ली ती अकराला यायची ती बारा वाजून गेले तरी असायची, हे शेजारणीला आपला संशय सांगून विचारल्यावर कळलं. आणि मालनबाईचा भाऊ चुडाव्याला स्टेशनाच्या आसपास फिरत असायचा, धड काम नसलेला. उत्तराने एकेक गोष्ट मनात मांडली. सगळ्या एकमेकींना चिकटत गेल्या.

सोमवारी ती मुद्दाम अकरापर्यंत घरी थांबली. मालनबाई आली, तिला पाहून दचकली. "बाई, आज शाळा न्हाई व्हय?"

"आहे. तुला एक विचारायचंय. बत्ताशाला खोबरं कोण घालतं?"

मालनबाईने नळाची तोटी बंद केली. 

"दुपारी दोरी कोण सोडतं? चुटकीवर थांबायला त्याला कोणी शिकवलं?"

"बाई, म्या काई चोरलं न्हाई." तिची नजर एकदा आतल्या खोलीकडे गेली आणि परत आली. "बाकीचं मला इचारू नका."

"का नको विचारू? पलीकडं दोन घरं फुटली. तिथलंही कुत्रं भुंकलं नाही. तुझा भाऊ काय करतो हल्ली चुडाव्याला?"

हे शब्द तोंडातून गेले आणि उत्तराला स्वतःलाच ते फार मोठ्याने ऐकू आले. मालनबाई सहा वर्षं या घरात येत होती. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात तिने त्यांचं सगळं केलं होतं. तिने पदराला हात पुसले, घासलेली चार भांडी पालथी घातली, न घासलेली तशीच ठेवली. दाराशी जाऊन थांबली. आतल्या खोलीकडे तोंड करून, जरा मोठ्याने म्हणाली, "म्या जाती, नाना."

आतून उत्तर आलं नाही. जपमाळेचा आवाज मात्र थांबला होता.

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही. उत्तराला वाटलं, आता हे बंद होईल. पण बुधवारी संध्याकाळी बत्ताशाच्या तोंडाला पुन्हा खोबऱ्याचा वास आला. पायांना ओली माती होती. मालनबाई येत नव्हती, मग कडी कोण उघडत होतं?

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी कोणाला सांगितलं नाही, नचिकेतलासुद्धा. बाराच्या सुमारास शाळेतून निघाली, पुढच्या रस्त्याने न येता महादेवाच्या देवळाकडून मागच्या बोळात शिरली आणि पडक्या भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. भीती वाटत होती. हातात छत्री घट्ट धरली होती. कोणी दांडगा माणूस निघाला तर काय करायचं, हे तिने ठरवलं नव्हतं.

थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी वाजली. आधी बत्ताशा बाहेर आला. मग दोरी. मग दोरी धरलेला हात, आणि मग नाना.

शुचिर्भूत राहणारे, कुत्र्याची सावली पडली तर पाय धुणारे नाना. डाव्या हातात दोरी आखूड धरलेली, उजवा हात भिंतीवर. उंबऱ्याशी बत्ताशा आडवा उभा राहिला. नानांनी पायाने चाचपलं, पायरी सापडली, उतरले. दोन चुटक्या. बत्ताशा चालू लागला. गटारापाशी पुन्हा थांबला. नानांनी पाय पुढं करून फरशीची कड शोधली, पलीकडे गेले, आणि कमरेच्या बटव्यातून खोबऱ्याचा तुकडा काढून त्याच्या तोंडापुढं धरला. लगेच. उशिरा नाही.

समोरून एक मोटारसायकल आली. नानांनी एक चुटकी वाजवली. बत्ताशा थांबला, नाना थांबले, गाडी निघून गेली. चालवणाऱ्याने ओळखीची मान हलवली. नानांनी हलवली नाही.

उत्तरा भिंतीआडून बाहेर आली आणि बोळाच्या मधोमध उभी राहिली. बत्ताशाने तिला पाहिलं, शेपूट हलवलं, पण जागा सोडली नाही. नाना तिच्यापासून दोन हातांवर आले. डोक्यावर लख्ख ऊन होतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिच्या खांद्यापलीकडे बघितलं आणि विचारलं, "कोण आहे?"

उत्तराने हातातली छत्री खाली घेतली.

"कोण उभं आहे? सांगा ना. वाट द्या."

"मी आहे, नाना. उत्तरा."

नानांच्या हातातली दोरी सैल झाली. ते म्हणाले, "तू शाळेत असतेस या वेळेला."

"किती दिवसांपासून दिसत नाही?"

"उजवा दिवाळीआधीच गेला. डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं समोरचं थोडं दिसतं. उन्हात तेही नाही."

ते देवळाच्या पारावर बसले. बत्ताशा दोघांच्या मध्ये बसला. नानांनी सांगितलं ते तुटक, तुटक. पोथ्या पाठ होत्या म्हणून पूजा चालत होत्या. पण एकदा बोरीकडच्या लग्नात अक्षता टाकताना अंतरपाटाच्या कोणत्या बाजूला नवरा आणि कोणत्या बाजूला नवरी ते कळलं नाही, आणि यजमान हसले. दोनदा याच बोळात पडले. मुलाला सांगितलं असतं तर त्याने उद्यापासून घरात बसवलं असतं. आणि सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिच्या कुत्र्याला त्यांनी वर्षभर ओवळं म्हटलं होतं.

"एक दिवस मी पायरीवरून घसरलो. हे ओसरीबाहेर बसलेलं. येऊन अंगाला टेकून उभं राहिलं. मी त्याला धरून उठलो. तेव्हा वाटलं, तू त्याला बसायला शिकवतेस, तर थांबायला मी का नाही शिकवू?"

"पण चुटकी कशासाठी? माझा 'थांब' होता की."

"तुझा 'थांब' म्हणजे फाटकाशी थांबणं. माझा वेगळा. तूच लिहिलंयस, एका शब्दाचा एकच अर्थ. मी तोच शब्द वापरला असता तर जनावराच्या डोक्याचा गोंधळ झाला असता."

"तुम्ही तो कागद वाचला कधी?"

"मी कुठं वाचतो आता? मालनबाईनं वाचून दाखवला. अक्षराला अक्षर लावून. रोज एक ओळ. चौथीपर्यंत शिकली आहे ती. आधी महिनाभर तीच बोळाच्या टोकापर्यंत सोबत यायची, मी पडू नये म्हणून. मी तिच्याकडून शपथ घेतली होती, घरात बोलायचं नाही."

उत्तराने त्यांच्याकडे बघितलं. आता तिला राग आवरेना. "सोमवारी मी तिला चोर म्हटलं. तुम्ही आत होतात. सगळं ऐकत होतात."

"ऐकत होतो."

"आणि गप्प बसलात?"

 नाना बटव्याची दोरी ओढत आणि सोडत राहिले. मग उठले. "तिचं घर कोणत्या बाजूला आहे ते मला माहीत आहे. पण बत्ताशाला ती वाट शिकवलेली नाही. तू पुढं चल."

मालनबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. नानांना, कुत्र्याला आणि उत्तराला एका रांगेत येताना पाहून तिने सूप खाली ठेवलं. गल्लीतल्या दोघीतिघी दारात आल्या. नाना उभ्यानेच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मालनबाई, मला दिसत नाही. ते तू लपवलंस, माझ्या सांगण्यावरून. तुझ्यावर नाव आलं आणि मी तोंड उघडलं नाही. चूक माझी आहे."

मालनबाईने डोळ्याला पदर लावला नाही. "नाना, तवाच बोलायला पायजे होतं तुमी. एक शब्द. मी दारात थांबली होती."

"हो."

"मालनबाई, मीही..." उत्तराने सुरुवात केली. "मी बोलायला नको होतं. तुझ्या भावाचं तर मुळीच नको होतं."

"त्यो परवा आल्ता, बाई. गल्लीत कुनीतरी त्याला इचारलं, पोलीस आलते का तुज्याकडं म्हनून. आजूक पोलीस न्हाई आले. पन बोलनं फिरायलंय." ती पुन्हा खाली बसली आणि सूप हातात घेतलं. "नानांना पानी देती. बसा, नाना."

उत्तराला तिने बसा म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात नचिकेतने वडिलांना परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नव्हती. डाव्या डोळ्यात उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे होते. नचिकेत परत येताना बसमध्ये रडला आणि घरी येऊन नानांवरच ओरडला, "एवढं लपवायचं काय होतं?" नाना म्हणाले, "तू आता जसा ओरडायलास ना, त्याच्यासाठीच."

नानांनी यजमानांना स्वतः सांगायला सुरुवात केली. काहींनी दुसरे गुरुजी बघितले. काहींनी म्हटलं, तुम्हीच या, अंतरपाट आम्ही धरू. डॉक्टर अर्पितांनी बत्ताशाला चालताना पाहिलं, दोनदा चालवून पाहिलं, आणि नानांना एकच सुधारणा सांगितली : खोबरं कमी करा, जाड होतंय. बत्ताशा आता ओसरीत झोपतो. देवघराच्या उंबऱ्याशी थांबतो. तेवढं नानांनी सोडलं नाही, आणि त्यानेही कधी ओलांडलं नाही.

पलीकडची दोन घरं कोणी फोडली ते अजून कळलेलं नाही. लोक अधूनमधून नवं नाव घेतात. शाळेत कोणी घेतलं की उत्तरा उठून वर्गात जाते.

मालनबाई परत कामाला आली नाही. दोनदा उत्तरा जाऊन आली. दुसऱ्यांदा मालनबाईने चहा दिला, पण कामाचा विषय निघाल्यावर म्हणाली, "बाई, तुमच्या घरात आता माज्या हाताकडं कुनी बघितलं तर मला वाटंल, मोजायलेत. असं काम म्या करू न्हाई शकत." ती आता गावातल्या दुसऱ्या एका घरी जाते. भांडी उत्तरा आणि नचिकेत दोघं मिळून घासतात.

सोमवारी दुपारी नाना महादेवाला जातात तेव्हा मालनबाई वाटेत भेटली तर थांबते, त्यांच्या तब्येतीचं विचारते, बत्ताशाच्या मानेवरून हात फिरवते. एकदा रजेच्या दिवशी उत्तरा सोबत होती. मालनबाईने तिला पाहून मान हलवली, नानांना म्हणाली, "हळू जावा, पुढं खडी टाकलीया," आणि डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं निघून गेली.